पंधरा-वीस मिनिटं खेळणाऱ्या माणसाला गेमिंग फोन लागतो का?

फावल्यावेळची | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी एक सल्ला हवाय. माझा फोन चार वर्षांचा झाला, बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी तग धरते, त्यामुळे नवीन घ्यायचं डोक्यात आहे. ऑफिसातला एकजण हात धुऊन मागे लागलाय की तू गेम खेळतेस ना मग सरळ गेमिंग फोनच घे, त्यात पंखा असतो, कडेला ट्रिगर असतात, पाठीला दिवे लागतात आणि काय काय. आता मी खेळते म्हणजे काय, तर दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना सुडोकू, झोपायच्या आधी एखादा शब्दांचा गेम, आणि फारच डोकं उठलं असेल तर गाड्यांची रेस. दिवसाची सगळी मिळून वीस-पंचवीस मिनिटं होत असतील, सुट्टीच्या दिवशी तासभर.

त्रास दोनच आहेत. एक म्हणजे रेसचा गेम दहा-बारा मिनिटांनी अडखळायला लागतो, नेमकी वळणावर गाडी गचकते आणि फोन मागून एवढा तापतो की कव्हर काढावं लागतं. दुसरं म्हणजे १२० हर्ट्झ, १४४ हर्ट्झ, टच सॅम्पलिंग, व्हेपर चेंबर हे वाचून मला काडीचं कळत नाही. तर माझ्यासारखीने काय बघून फोन घ्यावा? आणि मुळात फोनवर खेळणं हे 'गेमिंग' आहे का, कारण तोच सहकारी म्हणतो सुडोकू खेळणारे गेमर नसतात :)

उगाचच | सोमवार, रात्री १०:५१

गेमिंग फोनच्या पाठीला दिवे कशाला असतात हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडलाय. खेळताना पाठ आपल्याला दिसतच नाही. समोर बसलेल्याने बघायची का?

अंगठेबहाद्दर | सोमवार, रात्री १०:५८

@उगाचच शत्रूला घाबरवायला :हाहा:

ताई, मी रोज दोन-अडीच तास बॅटल रॉयल (म्हणजे शेवटपर्यंत जिवंत राहायचे बंदुकांचे गेम) खेळतो आणि माझ्याकडे ट्रिगरवालाच फोन आहे. मला त्याचा उपयोग होतो कारण एक अंगठा चालण्यात आणि दुसरा नेम धरण्यात गुंतलेला असतो, गोळी झाडायला तर्जनी लागते. ट्रिगर नसले की लोक तर्जन्या वरून वाकवून चार बोटांनी खेळतात, दिसायला अगदी नांग्या उगारलेल्या खेकड्यासारखं दिसतं. तुम्ही सुडोकूत ट्रिगर कुठे दाबणार? नका घेऊ. जड असतो, कॅमेरा यथातथा, आणि खिशात वीट ठेवल्यासारखं वाटतं. हे मी स्वतः वीट बाळगून सांगतोय.

तप्तमुद्रा | सोमवार, रात्री ११:२०

अडखळण्याबद्दल लिहितो कारण इथेच लोक फसतात आणि उगाच नवा फोन घेतात.

साध्या फोनमध्ये पंखा नसतो. प्रोसेसर जोरात पळाला की उष्णता आधी आतल्या ग्राफाइटच्या नाहीतर तांब्याच्या पातळ पत्र्यात, तिथून पाठीत आणि पाठीतून तुमच्या तळहातात. पहिली काही मिनिटं फोनचं अंग गार असतं म्हणून तो पूर्ण ताकदीने पळतो, अंग तापलं की फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग खाली आणतो, नाहीतर हातात धरवणार नाही आणि बॅटरीची वाट लागेल ती वेगळीच. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. जाहिरातीत जो बेंचमार्कचा, म्हणजे वेगाच्या चाचणीचा, आकडा मिरवतात तो गार फोनवरचा असतो, तुमची गाडी गचकते ती बाराव्या मिनिटाला. व्हेपर चेंबर म्हणजे आत थोडंसं द्रव भरलेली चपटी सीलबंद डबी, गरम भागाशी द्रवाची वाफ होते, गार भागाशी पुन्हा द्रव होतो, उष्णता पसरते. पसरते हं, नाहीशी होत नाही.

आता गचके का बसतात ते बघा. ६० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा बदलणार, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. १२० हर्ट्झला ८.३. गेमने चित्र १६ मध्ये तयार केलं तर गाडी सुळकन जाते, १८ लागले तर ते चित्र पडद्याच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबतं आणि तोवर आधीचंच चित्र दिसत राहतं. उशीर झाला जेमतेम सव्वा मिलिसेकंदाचा पण डोळ्याला दिसला सोळाचा. म्हणून माझं म्हणणं ताकद वाढवू नका, मागणी कमी करा. गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स एक पायरी खाली, फ्रेम रेट (गेम सेकंदाला किती चित्रं देतो तो आकडा) ६० ला बांधून टाका, अगदीच जुना फोन असेल तर ३०, ब्राइटनेस थोडा उतरवा, कव्हर काढा. आणि चार्जिंगला लावून खेळू नका, चार्ज होताना बॅटरी आपली आपण तापते आणि वर प्रोसेसर, दोन्ही बाजूंनी शेकतो फोन. काही फोनांत बायपास चार्जिंग असतं, त्यात वीज बॅटरीला न जाता थेट फोनला मिळते, ते असेल तर गोष्ट वेगळी.

बाकी तुमच्या सुडोकूला यातलं काहीच लागत नाही. सुडोकूत पडदा बराच वेळ तसाच असतो, प्रोसेसर झोपलेला असतो.

फावल्यावेळची | सोमवार, रात्री ११:३४

@तप्तमुद्रा बापरे, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं, धन्यवाद. ग्राफिक्स बघितले तर 'अल्ट्रा'वर होते. मी कधी केलं आठवत नाही. आणि हो, मी चार्जिंगला लावूनच खेळते, बॅटरी टिकत नाही म्हणून :( उद्या करून बघते.

जुनाखेळिया | मंगळवार, सकाळी ७:१५

त्या सहकाऱ्याला सांगा की फोनवरच्या गेमिंगची सुरुवातच फावल्या वेळातून झाली. नोकिया ६११०, साल १९९७, त्यात आलेला स्नेक. तानेली अर्मांतो नावाच्या फिनिश अभियंत्याने लिहिलेला. काळेपांढरे ठिपके, चार दिशा, आणि शेपूट आपलीच आपल्याला चावते तेव्हा येणारा राग. दोन फोन इन्फ्रारेडने समोरासमोर धरून दोघांना खेळता यायचं हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आणि आता उलटी गोष्ट. त्याच कंपनीने २००३ साली खास गेमिंग फोन काढला, एन-गेज. आडवा, बटणांचा, कन्सोलसारखा. गेमचं कार्ड बदलायचं तर मागचं झाकण काढून आधी बॅटरी काढायची, म्हणजे फोन बंद! आणि बोलायचं तर फोनची कड कानाला लावायची, लोक हसायचे, टॅको (दुमडलेली मेक्सिकन पोळी) म्हणायचे त्याला. फोनने कन्सोल व्हायचा प्रयत्न केला तो फसला. आणि २००८ साली ॲप स्टोअर आल्यावर फोन फोनच राहिला, गेम मात्र बोटावर आले. २००९ च्या डिसेंबरात अँग्री बर्ड्स आला तो रोव्हिओचा बावन्नावा गेम होता, त्याआधी एक्कावन्न काढून झाले होते आणि कंपनी जवळजवळ बुडालेली. बेचकी मागे ओढायची आणि सोडायची, बस. ते काचेवर बोटाने जेवढं छान होतं तेवढं कुठल्याच बटणाने होत नाही.

तेव्हा गेमर कोण हा वाद सोडा. फोनला जे जमतं ते खेळा.

कोपऱ्यातला | मंगळवार, सकाळी ९:४०

नॉस्टॅल्जिया छान आहे पण सत्य बोलायला कुणीतरी हवं म्हणून लिहितो. काचेवर काढलेला जॉयस्टिक हा जॉयस्टिक नसतो. बोटाला कड लागत नाही, अंगठा हळूहळू सरकत जातो आणि ऐन वेळी आपला माणूस भलत्याच दिशेला पळत सुटतो, शिवाय अर्धा पडदा आपल्याच दोन अंगठ्यांनी झाकलेला. नीट खेळायचं असेल तर स्विच किंवा स्टीम डेकसारखा हातात धरायचा कन्सोल घ्या. फोन हा फोन करायला.

प्रवासीपक्षी | मंगळवार, सकाळी १०:०५

@कोपऱ्यातला जॉयस्टिकचं शंभर टक्के पटलं, पण धागाकर्तीने काय विचारलंय ते वाचा की राव. स्टीम डेक साधारण पाऊण किलोला थोडाच कमी, स्विच कंट्रोलरसकट चारशे ग्रॅमच्या आसपास. दवाखान्यात नंबर येईपर्यंत सुडोकू खेळायला एवढं पिशवीतून न्यायचं? माझ्याकडे स्विच आहे, मला तो मनापासून आवडतो, आणि तो महिन्यातून चार वेळा चार्ज होतो. फोन रोज होतो. जे यंत्र खिशात असतं त्यावरच माणूस खेळतो.

आणि बटणंच हवी असतील तर घरात पडलेला कन्सोलचा कंट्रोलर ब्लूटूथने फोनला जोडता येतो. आयफोनवर प्लेस्टेशन ४ चा आणि एक्सबॉक्सचा २०१९ पासून म्हणजे आयओएस १३ पासून चालतो, अँड्रॉइडवरही चालतो. फक्त आधी गेम कंट्रोलरला सपोर्ट करतो का ते बघायचं. मी फोन एका स्टँडवर उभा करून स्टारड्यू व्हॅली अशीच खेळतो, शेतीला बोटाने पाणी घालायचा मला भयंकर कंटाळा.

कोपऱ्यातला | मंगळवार, सकाळी १०:१२

> जे यंत्र खिशात असतं त्यावरच माणूस खेळतो

हे मान्य. पण खिशात आहे म्हणून चांगलं आहे असं होत नाही.

जुनाखेळिया | मंगळवार, सकाळी १०:३०

@कोपऱ्यातला तुम्ही जे गेम डोळ्यासमोर ठेवून बोलताय ते कन्सोलवरून उचलून फोनवर आणून टाकलेले आहेत, त्यांना काचेवर बटणं चिकटवावी लागतात. जे गेम जन्मालाच बोटासाठी आले ते बघा ना. २०१० चे फ्रूट निन्जा आणि कट द रोप. २०१४ चा मॉन्युमेंट व्हॅली, त्यात इमारत बोटाने पिळायची आणि जिथे रस्ता नव्हता तिथे रस्ता दिसायला लागतो, तो मी एका बैठकीत संपवला आणि मग उगीच परत पहिल्यापासून खेळलो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आकडे जोडायचा थ्रीज आला, मार्चमध्ये त्याच धर्तीचा फुकटातला २०४८, आणि लोकांना नक्कलच जास्त माहीत झाली. थ्रीज करणाऱ्यांना किती लागलं असेल.

एक कसोटी सांगतो. गेम उभ्या फोनवर एका अंगठ्याने खेळता येतो का? आणि मध्येच फोन आला, खेळ टाकून द्यावा लागला आणि तासाभराने परत उघडला तर जिथे होतो तिथेच सापडतो का? दोन्हीला 'हो' असेल तर तो फोनचा गेम.

उगाचच | मंगळवार, सकाळी १०:३३

दुसरी कसोटी बायकोला लावली तर मी नापास. तासाभराने मी जिथे होतो तिथेच सापडतो, हाच तर आक्षेप आहे.

अंगठेबहाद्दर | मंगळवार, दुपारी १:१०

@उगाचच खिक्!

हर्ट्झबद्दल राहिलं म्हणून लिहितो. रिफ्रेश रेट म्हणजे पडदा किती वेळा बदलतो, टच सॅम्पलिंग म्हणजे पडदा तुमच्या बोटाची चौकशी सेकंदाला किती वेळा करतो. २४० असेल तर दर चार मिलिसेकंदांनी विचारतो, बोट कुठाय बोट कुठाय. मला फरक पडतो. तुम्हाला शब्दांच्या गेममध्ये पडणार नाही. आणि साधे गेम कित्येकदा ६० लाच बांधलेले असतात, पडदा १४४ चा असला तरी गेम ६० च चित्रं देणार. स्क्रोल करताना मात्र १२० छान वाटतं, एकदा सवय झाली की जुना फोन खडखड्या वाटतो.

आणि '८+८ जीबी रॅम' असं लिहिलेलं दिसलं तर दुसरे ८ रॅम नसतात, स्टोरेजमधली जागा रॅम म्हणून वापरतात, ती खऱ्या रॅमच्या मानाने फारच हळू. गेमला काही उपयोग नाही. त्यापेक्षा स्टोरेज जास्त घ्या, मोठे थ्रीडी गेम वीस-वीस जीबी गिळून बसतात.

अजून एक, अनुभवाचं. माझ्या आधीच्या ओलेड पडद्यावर गेमचा नकाशा जळून बसला होता. उजव्या कोपऱ्यात बारीक गोल, आणि खाली जीव दाखवणारी पट्टी. पांढऱ्या पानावर काही वाचायला घेतलं की ते दोन्ही फिकट करडे दिसायचे, बातमी कुठलीही असो, माझा जीव आपला खाली पूर्ण भरलेला. तासन्तास एकच चित्र एकाच जागी ठेवलं की होतं असं. तुम्ही वीस मिनिटवाले, तुम्हाला चिंता नाही.

फावल्यावेळची | मंगळवार, रात्री ९:२५

रिपोर्ट देते. ग्राफिक्स मिडियम, फ्रेम ६०, कव्हर काढलं, चार्जर काढला. पंचवीस मिनिटं खेळले, कोमट झाला पण गाडी एकदाही गचकली नाही! फक्त रस्त्याकडेची झाडं जरा पुठ्ठ्याची दिसतात, पण त्या वेगात झाडं कोण बघतंय.

पण आता खरी चिडचिड दुसरीच आहे हे लक्षात आलं. शब्दांच्या गेममध्ये दर दोन डावांनंतर जाहिरात, तीस सेकंद, मग फुली दिसते ती एवढीशी की बोट लागलं तर स्टोअर उघडतं, परत यायचं, मग दुसरी फुली. काल मी घड्याळ लावलं, दहा मिनिटांत साडेतीन मिनिटं जाहिराती. यावर कुठला प्रोसेसर चालतो?

तप्तमुद्रा | मंगळवार, रात्री ९:३१

यावर विमान मोड चालतो :) नेट न लागणारा गेम असेल तर नेट बंद करून खेळा, जाहिरात यायलाच रस्ता नाही. काही गेम रुसतात आणि नेट चालू करा म्हणतात, ते सरळ उडवायचे.

गेमकर | मंगळवार, रात्री १०:५०

बरेच दिवस वाचनमात्र होतो पण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, मोबाईल गेम बनवणाऱ्या टीममध्ये काही वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं आतलं सांगतो.

फुकट गेममध्ये खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधीच पैसे देत नाहीत. मग दोन वाटा. थोडे लोक पुष्कळ पैसे देतील असं बघायचं, नाहीतर सगळ्यांकडून वेळ घ्यायचा आणि तो जाहिरातदाराला विकायचा. फुली एवढीशी असते ती चुकून नसते, ती ठरवून एवढीशी असते. मीटिंगमध्ये आम्ही गेम मजेदार झालाय का यावर जेवढं बोलायचो त्याच्या कितीतरी पट माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो का, सातव्या दिवशी येतो का यावर बोलायचो. रोज आलात की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, हे सगळं त्यातून येतं. लेव्हल अवघड होते ती तुम्ही हुशार व्हावं म्हणून असेलच असं नाही, तिथे मदतीचं दुकान असतं म्हणूनही असते.

'जीव' संपण्याची गंमत तर जगजाहीर आहे. कँडी क्रशमध्ये पाच जीव, गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास. थांबा, नाहीतर मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे द्या. खरं सांगायचं तर त्या सक्तीच्या विश्रांतीमुळे काही लोक वेळेत झोपतात, त्यामुळे मी तिला शंभर टक्के वाईट म्हणत नाही. लूट बॉक्स मात्र मला बघवत नाहीत. आत काय निघेल ते माहीत नसताना पैसे द्यायचे, बेल्जियमने २०१८ मध्ये काही गेममधल्या अशा पेट्यांना सरळ जुगाराच्या कायद्यात बसवलं.

उलटं उदाहरणही आहे. फ्लॅपी बर्ड आठवतो? व्हिएतनामच्या डाँग न्विन या एका माणसाने केलेला, २०१३ चा, २०१४ च्या सुरुवातीला जगभर पहिल्या नंबरवर. जाहिरातींचे पैसे येत होते आणि त्याने फेब्रुवारीत स्वतःच गेम काढून टाकला, लोकांना त्याचं व्यसन लागतंय म्हणून. आमच्या ऑफिसात तेव्हा या गोष्टीवर दोन तट पडले होते. मी कुठल्या तटात होतो ते सांगत नाही.

लेकुरवाळी | मंगळवार, रात्री ११:१८

@गेमकर तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे हे घडलंय. मुलगा सात वर्षांचा, गेम फुकटचा, मी स्वयंपाकघरात, आणि फोनवर मेसेजवर मेसेज. मला वाटलं फोन हॅक झाला. बघते तर चिरंजीव हिऱ्यांच्या पेट्या घेतायत, कारण कार्ड फोनमध्ये सेव्ह आणि मीच थोड्या वेळापूर्वी एका खरेदीसाठी पासवर्ड टाकून दिलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, आई मी विकत नाही घेतलं, मी फक्त हिरवं बटण दाबलं. आता सात वर्षांच्या पोराला हिरवं बटण म्हणजे 'पुढे जा' हेच शिकवलेलं असतं ना. गेमवाल्यांना तीन मेल केले, तिन्हींना एकच छापील उत्तर.

तेव्हापासून प्रत्येक खरेदीला पासवर्ड, कार्ड काढून टाकलं, आणि त्याला वेगळं प्रोफाईल.

गेमकर | मंगळवार, रात्री ११:२९

@लेकुरवाळी तुम्ही एकट्या नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये याच कारणावरून ॲपलला पालकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत द्यायला कबूल व्हावं लागलं, एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं न विचारता खरेदी होत होती हाच तिथला मुद्दा होता. आता सेटिंग आहे, पण ती आपणच जाऊन लावायची. एक करायचं राहिलं असेल तर करा, गेमवाल्यांऐवजी ज्या स्टोअरमधून पैसे गेले तिथे रिफंडची विनंती टाका, लवकर टाकलेली बरी.

उगाचच | बुधवार, सकाळी ८:०२

जिवांवरून आठवलं. आमच्या मातोश्रींचा एक रंगीत गोळ्या फोडायचा गेम आहे, लेव्हल चार आकडी. एके दिवशी मला फोन, अरे वॉट्सॅप बंद पडलंय, तारीख चुकीची आहे म्हणतंय. गेलो. बघतो तर फोनमध्ये सहा वर्षं पुढची तारीख! म्हणलं आई हे काय. तर त्यांना शेजारच्या मावशींनी युक्ती सांगितलेली की घड्याळ पुढे केलं की जीव भरतात. दोन-तीन तास पुढे करायचं सोडून बाईसाहेब प्रत्येक वेळी एकेक दिवस पुढे ढकलत होत्या, कधीतरी वर्षाचा आकडा सरकला आणि मग मागे कसं यायचं ते कळेना. अलार्म नाही, बँकेचं ॲप नाही, कॅलेंडरवर सगळ्यांचे वाढदिवस होऊन गेलेले. मी तारीख नीट केली तर गेमने सांगितलं पुढचा जीव मिळायला इतके इतके हजार तास. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

प्रवासीपक्षी | बुधवार, सकाळी ८:१०

@उगाचच ऑफिसात वाचून मोठ्याने हसलो, बॉसने मान वर केली. मातोश्रींना दंडवत.

धागाकर्तीसाठी कामाचं लिहितो. एकदाच पैसे देऊन घ्यायचे गेम घ्या, नवीन फोनवर जे घालवणार त्याच्या अगदी छोट्याशा तुकड्यात आठ-दहा येतील आणि जाहिरात नाही. मिनी मेट्रो, स्ले द स्पायर, आणि २०२४ च्या सप्टेंबरात फोनवर आलेला बालात्रो, पत्त्यांचा. शेवटच्याबाबत सावध, वीस मिनिटांचा नियम तिथे मोडतो, 'हा शेवटचा डाव' असं म्हणत मी एकदा उतरायचं स्टेशन घालवलंय.

तप्तमुद्रा | बुधवार, सकाळी ९:००

+१. आणि पूर्ण फुकट, जाहिरात नाही, खरेदी नाही असेही आहेत. बुद्धिबळाला लीचेस, देणग्यांवर चालतं. कोड्यांसाठी सायमन टॅथम्स पझल्स, चाळीसच्या आसपास कोडी आहेत, पटी (PuTTY) हे दूरच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माणसानेच लिहिलेली, दिसायला अगदी रुक्ष, नेट लागत नाही, दर वेळी नवीन कोडं तयार होतं. सुडोकू त्यात 'सोलो' नावाने आहे. माझ्या फोनवर मेगाबाईटमागे सर्वात जास्त तास याच ॲपने खाल्लेत.

कोपऱ्यातला | बुधवार, सकाळी ११:४५

कुणी न विचारता एक तक्रार. फोनवर विकत घेतलेला गेमसुद्धा आपला नसतो. २०१७ साली आयओएस ११ आलं आणि ३२ बिटचे सगळे जुने गेम, ज्यांच्या मालकांनी अपडेट केले नाहीत, ते उघडायचेच बंद झाले. इन्फिनिटी ब्लेड, ज्याने फोनवरही असं दिसू शकतं हे २०१० मध्ये दाखवलं, तो २०१८ च्या शेवटी स्टोअरमधूनच काढला. माझं तीस वर्षांपूर्वीचं कन्सोलचं कार्ट्रिज फुंकर मारली की आजही चालतं.

जुनाखेळिया | बुधवार, दुपारी १२:२०

@कोपऱ्यातला याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. माझे निदान पंधरा गेम असे गेले. एका जुन्या फोनचं अपडेट मी मुद्दाम कधीच केलं नाही, तो कपाटात आहे, दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करून ठेवतो. बॅटरी जरा फुगायला लागल्यासारखी वाटतेय.

तप्तमुद्रा | बुधवार, दुपारी १२:२४

@जुनाखेळिया फुगलेली वाटत असेल तर आता चार्ज करू नका, दाबून बघू नका, आधी दुरुस्तीवाल्याकडे न्या. हे खरंच सांगतोय.

जुनाखेळिया | बुधवार, दुपारी १२:२६

नेतो नेतो. आजच.

अंगठेबहाद्दर | बुधवार, दुपारी ३:४०

बाय द वे, कुणाचा अंगठा दुखतो का? मनगटाशी, अंगठ्याच्या मुळाशी, बाटलीचं झाकण उघडताना कळ येते. डॉक्टर म्हणाले काही आठवडे गेम बंद. गेले चार दिवस मी फक्त इतरांचे व्हिडिओ बघतोय. फोन पण करंगळीवर पेलू नका म्हणाले.

लेकुरवाळी | बुधवार, दुपारी ४:०५

मला बाळ उचलून झालं होतं अगदी तेच. पट्टा बांधला, आराम केला, गेलं. डॉक्टरांचं ऐका, हळूच 'एकच मॅच' करू नका.

फावल्यावेळची | शनिवार, संध्याकाळी ६:३०

मंडळी, निर्णय झाला. नवीन फोन घेतला नाही! @तप्तमुद्रा यांनी चार्जिंगचं लिहिल्यावर बॅटरीचं सेटिंग उघडून बघितलं, मूळ क्षमतेच्या ७४ टक्के उरली होती. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून घेतली, आता रात्रीपर्यंत टिकते आणि चार्जर लावून खेळायची वेळच येत नाही. शब्दांचा गेम उडवला. मिनी मेट्रो घेतला. सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला तू गेमर नाहीसच, म्हणलं बरं.

फक्त ते कोड्यांचं ॲप उघडून पस्तावलेय. 'लूपी'वर अडकलेय, रात्री साडेबारापर्यंत जागले काल. आकड्याभोवती तेवढ्या रेघा आणि सगळी मिळून एकच बंद वाट करायची, इतपत कळलं. पण सुरुवात कुठून करायची? तीनला तीन चिकटून आलेत दोन ठिकाणी.

तप्तमुद्रा | शनिवार, संध्याकाळी ६:४१

तिथूनच करायची! शेजारी शेजारी दोन ३ आले की दोघांच्या मधली रेघ नक्की, आणि दोघांच्या बाहेरच्या, तिला समांतर असलेल्या दोन रेघाही नक्की. तीन उभ्या रेघा न विचारता मारून टाका. शिवाय मधली रेघ वर किंवा खाली सरळ पुढे जात नाही, तिथे फुल्या.

फावल्यावेळची | शनिवार, संध्याकाळी ७:०८

सुटलं!!! आता मोठं घेतलंय, १० बाय १०.

उगाचच | शनिवार, संध्याकाळी ७:१५

आईला दाखवलं. म्हणाल्या यात जीव जात नाहीत तर खेळायचं कशाला.